पहिली बेस : ॲन ब्राउन

पाश्चात्य संगीतांत स्त्रियांच्या आवाजांचे त्यांच्या उंचीवरून प्रकार पाडलेले आहेत. त्यांपैकीं सर्वांत उंच आवाजाला 'सोप्रानो' असें म्हणतात. पियानोच्या मधल्या पट्टीपासून वर सुमारें दोन सप्तकें हा आवाज फिरूं शकतो. आज ज्या बाईंविषयीं मी बोलणार आहें, त्या अशाच आवाजाच्या गायिका होत्या. त्यांचें नांव ॲन ब्राउन. हें नांव आपल्याकडे फारसें कोणाला ठाऊक नसेल. पण जॉर्ज गर्श्विन या अमेरिकन संगीतकाराच्या 'समरटाइम' नांवाच्या अंगाईगीताची चाल आपणांपैकीं पुष्कळांच्या कानांवरून गेलेली असेल. तें गीत ज्या 'पॉर्गी अँड बेस' नामक नाट्यांत आहे, त्यांतील बेस ही नायिका पुष्कळ अंशीं ह्या बाईंच्या आवाजावरून घडली आणि रंगभूमीवर प्रथम त्यांनींच उभी केली.

गायिकेची कारकीर्द तीन आधारांवर उभी असते. एक तिचा आवाज, दुसरी तिला मिळालेली भूमिका आणि तिसरा तिला लाभलेला रंगमंच. आवाज जन्मानें मिळतो व श्रमानें वाढतो. भूमिका नाटककार व संगीतकार देतात. रंगमंच देणें मात्र समाजाच्या हातीं असतें. ॲन ब्राउन ह्यांचा आवाज उत्तम होता. एक भूमिका त्यांना अशी लाभली कीं, तशी फार थोड्या गायिकांच्या वांट्याला येते. परंतु रंगमंच देतांना त्यांच्या देशानें हात आंखडता घेतला. ह्या विषमतेंतून त्यांच्या आयुष्याला जें वळण मिळालें, तेंच आज मला आपणांपुढें ठेवावयाचें आहे.

ॲन ब्राउन ह्यांचा जन्म ९ ऑगस्ट १९१२ रोजीं अमेरिकेंतील बॉल्टिमोर शहरीं झाला. वडील डॉक्टर होते. आईनें संगीताचें शिक्षण घेतलेलें होतें. घर सुशिक्षित व खाऊन-पिऊन सुखी होतें. पण कुटुंब कृष्णवर्णीय होतें, आणि त्या काळच्या बॉल्टिमोरमध्यें एवढें एकच कारण कोणताहि दरवाजा बंद करण्यास पुरेसें होतें. त्या शहरांत पीबडी नांवाची संगीताची जुनी व नामांकित संस्था आहे. तिथें ह्या मुलीनें प्रवेशासाठीं अर्ज केला, आणि केवळ वर्णाच्या कारणास्तव तो नाकारला गेला. ती तेथील मॉर्गन कॉलेजांत गेली, आणि वयाच्या सोळाव्या वर्षीं न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संस्थेंत दाखल झाली. त्या संस्थेंत गायनाच्या शिक्षणासाठीं घेतली गेलेली ती पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी होय. घरापासून कांहीं पावलांवर असलेल्या शाळेंत जें मिळालें नाहीं, तें मिळविण्यासाठीं तिला परक्या शहरांत जावें लागलें. पुढें हाच प्रकार तिच्या आयुष्यांत अधिक मोठ्या प्रमाणावर घडणार होता.

पुढील हकीकत नीट कळावी म्हणून येथें एक भेद लक्षांत घेतला पाहिजे. आपल्या संगीत नाटकांत पात्रें गद्य बोलतात आणि प्रसंग रंगला कीं पद म्हणतात. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें, तेव्हांपासून ही रीत आपल्या अंगवळणीं पडली आहे. न्यूयॉर्कमधील ब्रॉडवे ह्या नाटकगृहांच्या वस्तींत जें संगीत नाटक वाढलें, तेंहि बव्हंशीं ह्याच रीतीचें आहे. ऑपेरा ह्याहून निराळा. त्यांत 'कोण आहे?' 'मी आहें' असला साधा संवादहि स्वरांतच म्हणावयाचा असतो, आणि मागें वाद्यवृंद अखंड चाललेला असतो.

दोहोंतील गळ्याची मागणीहि सारखी नसते. ऑपेराच्या गायकानें ध्वनिवर्धकाच्या मदतीवांचून पन्नास-साठ वाद्यांच्या गजरावरून आपला आवाज सज्ज्यांतील शेवटच्या प्रेक्षकापर्यंत पोंचविला पाहिजे. अति उंच स्वर घेतांना सोप्रानोला जबडा अधिक उघडावा लागतो. मुखांतील पोकळी त्या स्वराशीं जुळली म्हणजेच आवाज भरदार निघतो; पण मग आ, ए, ओ ह्या स्वरवर्णांमधील भेद पुसट होतो आणि शब्द कळेनासे होतात. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला तर शब्द कळलेच पाहिजेत. म्हणून जिला दोन्ही रंगभूमींवर वावरावयाचें आहे, तिला स्वराची उंची व शब्दाचा स्पष्टपणा ह्या दोहोंचा मेळ घालावा लागतो.

आतां १९३३ सालाकडे वळूं. ॲन ब्राउन त्या वेळीं जुलियार्डमध्येंच पुढील शिक्षण घेत होत्या. गर्श्विन हे दक्षिण कॅरोलिनांतील कृष्णवर्णीय लोकांच्या जीवनावर एक ऑपेरा रचीत आहेत, असें त्यांच्या वाचनांत आलें. गर्श्विन तेव्हां कीर्तीच्या शिखरावर होते. कोणाची ओळख नाहीं, शिफारस नाहीं, अशा स्थितींत ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीनें त्यांना सरळ पत्र लिहिलें आणि आपलें गाणें ऐकावें अशी विनंति केली. लगेच बोलावणें आलें.

गर्श्विन यांच्या घरीं त्या गेल्या आणि शिक्षणांत जें मिळविलें होतें तें त्यांनीं गाऊन दाखविलें. ब्राम्स, शूबर्ट, मास्ने अशा यूरोपीय संगीतकारांचीं गीतें झालीं. मग गर्श्विन यांनीं विचारलें कीं, तुमच्या लोकांचें एखादें भक्तिगीत म्हणाल काय? गुलामगिरीच्या काळापासून कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्यें चालत आलेल्या ह्या गीतांना 'स्पिरिच्युअल' म्हणतात. हा प्रश्न ऐकून बाईंना राग आला. शूबर्ट-ब्राम्स इतक्या कष्टानें आत्मसात करूनहि शेवटीं गोऱ्या माणसाला आपल्यापासून हेंच हवें असतें, असें त्यांच्या मनानें घेतलें. तरीहि त्यांनीं एक भक्तिगीत कोणत्याहि साथीवांचून गायिलें. गाणें संपल्यावर गर्श्विन बराच वेळ स्तब्ध राहिले, आणि मग त्यांनीं तिला आलिंगन दिलें. ही आठवण बाईंनीं उतारवयांत अनेकदां सांगितली आहे.

मला ह्या प्रसंगांत गर्श्विन यांच्या गुणग्राहकतेइतकाच त्या तरुणीचा रागहि महत्त्वाचा वाटतो. तिला स्वतःच्या लोकांच्या गीतांची लाज मुळींच वाटत नव्हती. ती आपल्याला पूर्णपणें येतात आणि त्यांपलीकडचेंहि येतें, हें मान्य व्हावें एवढाच तिचा आग्रह होता. कोणत्याहि कलावंताला आपण 'अमक्याच जातीचें गाणें गा' असें सांगतों, तेव्हां स्तुतीच्या रूपानें आपण त्याच्याभोंवतीं कुंपण घालीत असतों, हें ध्यानांत येत नाहीं.

पुढें गर्श्विन नवीन भाग लिहून झाला कीं बाईंना बोलावून तो गाऊन घेऊं लागले. ड्यूबोस हेवर्ड यांच्या १९२५ सालच्या 'पॉर्गी' ह्या कादंबरीवरून हा ऑपेरा रचला जात होता. पॉर्गी हा चार्ल्स्टन शहरांतील एक पंगू भिकारी. कथा मूळची त्याची. परंतु ॲन ब्राउन ह्यांचा गळा हातीं आल्यावर बेसची भूमिका वाढत गेली. 'समरटाइम' हें गीत वास्तविक क्लारा नांवाच्या दुसऱ्या एका पात्राचें. बेसलाहि तें गातां यावें अशी इच्छा बाईंनीं बोलून दाखविली. तिसऱ्या अंकांत क्लारा वादळांत नाहींशी झाल्यावर तिच्या पोरक्या मुलाला मांडीवर घेऊन बेस तेंच अंगाईगीत गाते. पहिल्या अंकांत जें सुखाचें होतें, तेंच गीत येथें करुण होतें. बाईंच्या आठवणीप्रमाणें, न्यूयॉर्कच्या प्रयोगापूर्वीं गर्श्विन यांनीं त्यांना सांगितलें कीं, ह्यापुढें ह्या ऑपेराचें नांव नुसतें 'पॉर्गी' न राहतां 'पॉर्गी अँड बेस' असें राहील.

३० सप्टेंबर १९३५ रोजीं बॉस्टनला आणि १० ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या ॲल्विन थिएटरांत हा ऑपेरा लोकांपुढें आला. ऑपेरा असूनहि तो ब्रॉडवेच्या नाटकगृहांत कां झाला? न्यूयॉर्कचें प्रमुख ऑपेरागृह म्हणजे मेट्रोपॉलिटन. तिथें प्रमुख भूमिकेंत कृष्णवर्णीय गायकाचा प्रवेश त्या काळीं संभवतच नव्हता. मेरियन अँडरसन ह्या थोर गायिकेला तेथें पाऊल टाकण्यास १९५५ साल उजाडावें लागलें. तेव्हां सबंध कृष्णवर्णीय संचाचा ऑपेरा व्हावयाचा तर तो ब्रॉडवेवरच होणें शक्य होतें. रसिकांत वाद माजला. हा ऑपेरा कीं गाण्यांचें नाटक, ह्याचा निर्णय टीकाकारांना करतां येईना. १२४ प्रयोग झाले. ऑपेराच्या मानानें ही संख्या पुष्कळ, पण ब्रॉडवेच्या हिशेबानें अपुरी, पैसा बुडाला. गर्श्विन ११ जुलै १९३७ रोजीं, अवघ्या अडतिसाव्या वर्षीं वारले. आपल्या कृतीचा खरा विजय पाहण्याचें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

टीका केवळ बाहेरूनच झाली असें नाहीं. ॲन ब्राउन ह्यांच्या वडिलांना हें नाट्य आवडलें नाहीं. जुगारी, मादक द्रव्यें विकणारे, चंचल स्त्रिया, हीच का आमच्या समाजाची ओळख, असें त्या सुविद्य डॉक्टरांना वाटलें. ज्या समाजाला रंगभूमीवर एकच चित्र मिळतें, त्याला तें चित्र खरें असूनहि टोंचतें. बाईंचें मत वेगळें होतें. चार्ल्स्टनच्या एका गल्लींतील जीवनाचा तुकडा कलावंतानें उत्कृष्ट रंगविला आहे, अशा दृष्टीनें त्या त्याच्याकडे पाहत. दोघांचेंहि म्हणणें आपापल्या परीनें बरोबर होतें, आणि हा वाद आजहि संपलेला नाहीं.

१९३६ च्या मार्चमध्यें हा संच दौऱ्याच्या शेवटीं वॉशिंग्टनला नॅशनल थिएटरांत आला. त्या थिएटरांत कृष्णवर्णीय प्रेक्षकांना मज्जाव होता. म्हणजे रंगमंचावर जे लोक गाणार, त्यांच्याच आप्तांना तिकीट मिळणार नाहीं! पॉर्गीची भूमिका करणारे टॉड डंकन हे वॉशिंग्टनच्याच हॉवर्ड विद्यापीठांत अध्यापक होते. त्यांनीं व ॲन ब्राउन ह्यांनीं स्पष्ट सांगितलें कीं, अशा ठिकाणीं आम्ही गाणार नाहीं. व्यवस्थापकांनीं निवडक खेळांपुरती सवलत देऊन पाहिली. तीहि ह्या मंडळींनीं नाकारली. अखेर व्यवस्थापकांना नमावें लागलें, आणि त्या मुक्कामापुरतें तें थिएटर सर्वांना खुलें झालें. खेळ संपले आणि जुना नियम परत आला. १९४८ सालीं तर सर्वांना आंत घेण्यापेक्षां नाटकें बंद ठेवणें मालकांनीं पसंत केलें. विजय थोड्या दिवसांचा होता खरा. पण आपल्या नांवाची पाटी लागलेली असतांना, पोटाचा प्रश्न समोर असतांना 'गाणार नाहीं' म्हणणें हें गाण्याहून कमी धैर्याचें काम नव्हे.

१९३९ त त्यांनीं हेवर्ड दांपत्याच्याच दुसऱ्या एका नाटकांत, ईथेल वॉटर्स ह्या विख्यात नटीबरोबर काम केलें. १९४२ सालीं शेरिल क्रॉफर्ड ह्या निर्मातीनें 'पॉर्गी अँड बेस' पुनः ब्रॉडवेवर आणलें. ह्या वेळीं स्वरांत म्हणावयाचे संवाद काढून त्यांच्या जागीं साधें गद्य घातलें, वाद्यवृंद लहान केला आणि खेळ आंखूड केला. म्हणजे ऑपेराचें संगीत नाटक झालें. बेसच्या भूमिकेंत पुनः ॲन ब्राउनच होत्या. पुढें त्यांची जागा एटा मोटेन ह्यांनीं घेतली. ह्या आवृत्तीचे २८६ प्रयोग झाले आणि पैसाहि मिळाला. एकच भूमिका सात वर्षांच्या अंतरानें एकदां ऑपेरा म्हणून व एकदां संगीत नाटक म्हणून नव्यानें उभी करण्याचा असा योग क्वचितच येतो. पहिल्या खेपेस बेसचें साधें बोलणेंहि सुरांत बांधलेलें होतें. दुसऱ्या खेपेस तिला बोलतां बोलतां गाण्यांत शिरावें लागे. मूळची अखंड स्वररचना १९७६ सालीं ह्यूस्टनच्या ऑपेरामंडळीनें पुनः प्रतिष्ठित केली, आणि १९८५ च्या फेब्रुवारींत ती मेट्रोपॉलिटनमध्यें गायिली गेली. पहिली बेस त्या वेळीं बहात्तर वर्षांची होती.

मधल्या काळांत काय घडलें? ध्वनिमुद्रिका निघाल्या, १९४५ सालच्या 'रॅप्सडी इन ब्लू' ह्या गर्श्विन यांच्या चरित्रपटांत बाईंनीं स्वतःच्याच नांवानें येऊन 'समरटाइम' गायिलें. परंतु दुसरी बेस, दुसरी मोठी भूमिका त्यांना देऊं शकेल असें ऑपेरागृह अमेरिकेंत त्यांच्या उमेदीच्या काळांत जवळजवळ नव्हतेंच. १९४५ सालीं टॉड डंकन ह्यांना आणि १९४६ सालीं कॅमिला विल्यम्स ह्या सोप्रानोला न्यूयॉर्क सिटी ऑपेरानें घेतलें, तेव्हां दार थोडें किलकिलें झालें. ॲन ब्राउन मात्र १९४६ त यूरोपच्या दौऱ्यावर निघाल्या. तिकडे सभागृहांत शिरतांना किंवा उपाहारगृहांत बसतांना कोणी अडवीत नव्हतें. १९४८ सालीं त्या नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथें स्थायिक झाल्या. त्याच वर्षींच्या हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत बर्फावरील उडीचें कांस्यपदक मिळविणारे तोर्लेइफ शेल्डेरूप ह्यांच्याशीं त्यांनीं विवाह केला, आणि पुढें त्या नॉर्वेच्या नागरिक झाल्या.

येथें नवें आयुष्य सुरू झालें म्हणावें, तों दुसरेंच संकट आलें. त्यांना दम्यानें गाठलें. गाणें म्हणजे मोजून सोडलेला उच्छ्वास. श्वास चटकन भरून घ्यावयाचा आणि तो बरगड्या व पोट ह्यांच्या स्नायूंनीं सांवरीत सावकाश खर्च करावयाचा, ही गायकाची पहिली विद्या. दम्यांत श्वासनळ्या आकुंचन पावतात आणि नेमका श्वास बाहेर टाकणेंच जड जातें. १९५० नंतरच्या दशकांत, म्हणजे आवाज परिपक्व होण्याच्या वयांत, त्यांना जाहीर गाणें सोडावें लागलें. वर्णानें जो रंगमंच अर्धा मिटवला होता, तो आजारानें पुरता मिटवला.

कारकिर्दीच्या गोष्टी बहुधा येथेंच थांबतात. पण ॲन ब्राउन पुढें अर्धशतकाहून अधिक काळ जगल्या, आणि त्यांतील पुष्कळ काळ त्यांनीं शिकविण्यांत घालविला. ऑस्लोंत त्या गायनाच्या अध्यापिका झाल्या. 'पॉर्गी अँड बेस'च्या प्रयोगांचें दिग्दर्शनहि त्यांनीं केलें. त्यांच्या विद्यार्थ्यांत पुढें जगप्रसिद्ध झालेल्या अभिनेत्री लिव उलमन होत्या आणि जॅझ पद्धतीच्या गायिका कारिन क्रोग ह्याहि होत्या. ह्या दोघीहि ऑपेराच्या नव्हेत. एक शब्दांवर जगणारी नटी, दुसरी मायक्रोफोनशीं कुजबुजत स्वर फिरविणारी गायिका. तरी दोघींनाहि ऑपेराच्या ह्या जुन्या गायिकेपासून घेण्यासारखें कांहीं होतें, ह्याचें कारण उघड आहे. रंगभूमी कोणतीहि असो, आवाज उभा राहतो तो श्वासावर. आणि श्वास कसा भरावा, कोठें सांठवावा, कसा खर्चावा हें ज्ञान बोलणारीला व गाणारीला सारखेंच लागतें. ज्या बाईंचा स्वतःचा श्वास पुरत नव्हता, त्या दुसऱ्यांना श्वासाचा हिशेब शिकवीत होत्या.

आपल्याकडे तालमींत शागीर्द वर्षानुवर्षें गुरूसमोर बसतो आणि गुरूचा गळा ऐकून शिकतो. ज्या गुरूला पूर्वींसारखें गाऊन दाखवितां येत नाहीं, त्याची अडचण आपल्याला सहज समजेल. त्याला आपली विद्या शब्दांत उकलून सांगावी लागते. जें गळ्यानें आपोआप होत होतें, तें कसें होत होतें ह्याचा शोध घ्यावा लागतो. अशा वेळीं पुष्कळ कलावंत कडवट होतात. बाईंनीं मात्र १९९८ सालीं, शहाऐंशीव्या वर्षाच्या सुमारास, आपल्या आयुष्याचा जमाखर्च मोठ्या समतोलपणें मांडला. आपण वीस वर्षें उशिरा जन्मलों असतों तर कदाचित् मेट्रोपॉलिटनमध्यें गायिलों असतों, समान हक्कांच्या चळवळींत चाललों असतों आणि देश सोडून नॉर्वेंत राहिलों नसतों. पण मग गर्श्विन यांची गांठ पडली नसती आणि तें वाईट झालें असतें, अशा आशयाचें त्या बोलल्या.

त्याच १९९८ सालीं बॉल्टिमोरच्या पीबडी संस्थेनें अमेरिकन संगीतसेवेबद्दल आपलें सन्मानपदक ॲन ब्राउन ह्यांना अर्पण केलें. जिनें सुमारें सत्तर वर्षांपूर्वीं त्यांना विद्यार्थिनी म्हणूनहि आंत घेतलें नव्हतें, तीच ही संस्था. संस्थेनें चूक सुधारली ही चांगली गोष्ट झाली. परंतु पदक गळ्यांत घालतां येतें. न गायिलेल्या भूमिका परत देतां येत नाहींत. १३ मार्च २००९ रोजीं ऑस्लो येथें, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षीं, त्यांचें निधन झालें.

एखाद्या गायिकेची थोरवी सांगतांना तिनें काय काय गायिलें ह्याची यादी आपण देतों. ॲन ब्राउन ह्यांच्या बाबतींत ती यादी फार लांब होत नाहीं, आणि दोष त्यांचा नाहीं. त्यांच्या चरित्राकडे पाहिलें म्हणजे वाटतें कीं, जिला गाऊं दिलें गेलें नाहीं त्या गाण्याचीहि नोंद कोठेंतरी झाली पाहिजे. ती नोंद त्या त्या काळच्या समाजाच्या नांवें पडते. आपल्या शहरांत, आपल्या शाळांत, आपल्या सभागृहांत आज एखादी सोळा वर्षांची मुलगी अर्ज हातीं घेऊन उभी असेल. तिचा गळा ऐकण्यापूर्वीं आपण दुसरें कांहीं पाहत तर नाहीं ना, एवढें प्रत्येकानें स्वतःशीं तपासून पाहावें.